घ्यायचं कधी, विकायचं कधी?

(समुदाय रेडिओवरील भाषण)



गेले काही महिने गटांच्या बैठकीत बचत, हप्ता, ठराव हे सगळं उरकलं, की शेवटी कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ते शेअरचं काय असतं? घ्यायचा कधी आणि विकायचा कधी?" विचारणारी एकटीच असते, पण कान सगळ्यांचे टवकारतात. कुणाच्या मुलाने डिमॅट खातं काढून दिलंय. कुणाच्या भावजयीने चार दिवसांत दोन हजार सुटल्याचं लग्नाच्या मांडवात सांगितलंय. कुणाच्या मोबाइलवर रोज सकाळी "आज हा शेअर घ्या" असा मेसेज येतोय. म्हणून आज हा विषय घेतलाय. अमुक कंपनीचा शेअर घ्या असं मी सांगणार नाही. तसा सल्ला द्यायला सेबीकडे नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. घेण्याची आणि विकण्याची वेळ ठरवायची स्वतःची पद्धत कशी बसवायची आणि पैसे लावायच्या आधी ती कशी तपासायची, तेवढंच सांगते.

आधी एक फरक समजून घेऊ. सकाळी शेअर घेऊन त्याच दिवशी दुपारी विकून टाकतात, त्याला इंट्राडे म्हणतात. चांगली कंपनी बघून पाच-दहा वर्षं हात न लावता ठेवतात, ती गुंतवणूक. या दोन्हींच्या मधे आहे स्विंग ट्रेडिंग. स्विंग म्हणजे झोका. भाव सरळ रेषेत कधी चढत नाही, थोडा वर जातो, थोडा मागे येतो, पुन्हा वर जातो. त्यातला एखादा झोका पकडायचा, चार-आठ दिवस ते महिना-दीड महिना शेअर ठेवायचा आणि बाहेर पडायचं. आपल्याला हे अगदीच नवीन नाही. उन्हाळ कांदा निघाला की सगळाच काढणीला विकत नाही आणि सगळाच दिवाळीपर्यंत ठेवतही नाही. चाळीत किती सडतोय, लासलगावला काय भाव निघाला, उसनवारी कधी फेडायची आहे, हे बघून आपण गाडी भरतो. फरक इतकाच, की कांद्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन पिढ्यांचा अनुभव आहे आणि शेअरच्या बाबतीत शेजारणीच्या मुलाचा मोबाइल.

सेबी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, हिने सामान्य माणसांच्या व्यवहारांचा अभ्यास करून आकडे जाहीर केलेत. २०२२-२३ या वर्षात इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जणांना तोटा झाला. फ्युचर्स आणि ऑप्शन्स नावाचा जो वायदा प्रकार आहे, त्यात तर २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. स्विंग ट्रेडिंग म्हणजे हे दोन्ही नव्हे. इथे शेअर पूर्ण पैसे देऊन घ्यायचा, तो आपल्या डिमॅट खात्यात जमा होतो. पण करणारी माणसं तीच, घाईही तीच. म्हणून ऑप्शन्सचा विषय मी इथेच संपवते. कुणी कितीही गोड बोललं तरी त्या वाटेला जायचं नाही.

आता मेसेजवर येणाऱ्या टिपा. त्या खोट्या असतात एवढंच म्हणून भागत नाही, कधीकधी त्या बरोबरही निघतात आणि माणूस तिथेच फसतो. टिपेत "घ्या" लिहिलेलं असतं. किती घ्या, चुकलं तर कितीला विका, बरोबर निघालं तर कुठवर थांबा, यातलं काहीच नसतं. घ्यायला सांगणारा विकायच्या वेळी फोन उचलत नाही. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, दहावीतली मुलगीसुद्धा तपासून देईल. आणि कुणी खात्रीचा परतावा सांगून त्यांच्याच कुठल्यातरी अ‍ॅपवर पैसे भरायला लावले आणि ते गेले, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा.

मग आपली पद्धत कशी बसवायची? बरेच जण चार्टपासून सुरुवात करतात. मी म्हणते, आपल्या दिवसापासून करा. बाजार सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. सव्वानऊला आपण कुठे असतो? डबे, पाणी, डेअरी, पोरांची शाळा, नाहीतर शेतात. ज्या पद्धतीत दर पाच मिनिटांनी मोबाइल बघावा लागतो, ती कितीही चांगली असली तरी आपली नाही. आपल्याला संध्याकाळी भाकरी झाल्यावर अर्धा तास मिळतो. बाजार बंद झालेला असतो, दिवसाचा शेवटचा भाव ठरलेला असतो, कुणी गडबड करायला नसतं. त्या अर्ध्या तासात निर्णय घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसाची ऑर्डर लावून ठेवायची. अशी ऑर्डर बाजार बंद असतानाही ठेवता येते.

लांबून व्यवहार करणाऱ्याचं नुकसानच होतं असं काही नाही. निकोलस डार्व्हास नावाचा एक हंगेरियन नर्तक होता, अमेरिकेत गेलेला. १९५७ पासून दोनेक वर्षं तो नृत्याच्या कार्यक्रमांसाठी जगभर फिरत होता. त्याच्या हातात एक साप्ताहिक, तेही उशिरा पोचायचं, आणि दलालाची रोजची तार, एवढंच. त्यावरून त्याने स्वतःची पद्धत बसवली. एखादा शेअर काही दिवस एका खालच्या आणि एका वरच्या भावामध्ये घुटमळतो, त्याला तो डबा म्हणायचा. भाव डब्याच्या वर निघाला की घ्यायचा आणि थोडा खाली विक्रीची ऑर्डर आधीच ठेवून द्यायची. पुढे तो न्यूयॉर्कला येऊन दलालांच्या गर्दीत बसायला लागला, दिवसभर कुजबुज ऐकायला लागला, आणि तोटे सुरू झाले. तेव्हा त्याने ते शहर सोडलं आणि दलालाला सांगितलं, फोन करायचा नाही, फक्त तार. १९६० मध्ये त्याचं पुस्तक आलं, वीस लाख डॉलर मिळवल्याचं सांगणारं. त्या आकड्यावर न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी तेव्हाच शंका घेतली होती, त्यामुळे नफ्याची गोष्ट आपण बाजूला ठेवू. मला त्यातलं पटलं ते एवढंच, की त्याची पद्धत त्याच्या फिरतीच्या आयुष्यात बसत होती आणि गर्दीत बसल्यावर ती मोडली. आपली गर्दी म्हणजे तो टिपांचा ग्रुप. पद्धत बसवायची असेल तर आधी त्यातून बाहेर पडा.

आता प्रत्यक्ष नियम. मी एक नमुना सांगते. तो जसाच्या तसा घ्यायचा नाही, पण पद्धतीत काय काय असावं लागतं ते त्यातून कळेल.

पहिला प्रश्न, कुठले शेअर बघायचे. बाजारात हजारो कंपन्या आहेत. आपण सुरुवातीला निफ्टीतल्या ५० कंपन्यांच्या बाहेर जायचं नाही. निफ्टी म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरच्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. यांच्या शेअरची उलाढाल रोज भरपूर असते, म्हणजे विकायचं म्हटलं की गिऱ्हाईक असतं. तीन-चार रुपयांचा शेअर स्वस्त वाटतो, पण तो पडायला लागला की खरेदीदारच नसतो, मग विकायची ऑर्डर दिवसेंदिवस तशीच लटकते. आडबाजारात नेलेली शेळी पडत्या भावातही कुणी घेत नाही, तसं.

दुसरं, एकूण बाजाराची हवा. त्यासाठी सरासरी लागते. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावरून हे लगेच कळेल. म्हैस गेले दहा दिवस सरासरी साडेसहा लिटर देत होती. एक दिवस आठ लिटर दिलं म्हणून आपण म्हैस सुधारली म्हणत नाही. पण रोज नवा दिवस धरून आणि सर्वांत जुना सोडून काढलेली सरासरीच वर सरकायला लागली, तर पेंड लागू पडली असं म्हणतो. शेअरचंही तसंच. गेल्या ५० दिवसांच्या बंद भावांची बेरीज करून ५० ने भागली, की ५० दिवसांची सरासरी. चार्टवर ती आपोआप रेघ म्हणून दिसते. आपला नियम असा, की निफ्टी स्वतःच्या ५० दिवसांच्या सरासरीच्या खाली असेल तर नवी खरेदी करायची नाही, शेअर कितीही आवडलेला असो.

तिसरं, घ्यायची वेळ. शेअर ५० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा आणि ती सरासरी चढती हवी. म्हणजे झोका वरच्या दिशेचा आहे. मग लगेच घ्यायचा नाही. भाव थोडा मागे येऊन २० दिवसांच्या सरासरीजवळ टेकू द्यायचा. आणि तिथून एखाद्या दिवशी तो आदल्या दिवसाच्या सर्वांत वरच्या भावापेक्षा वर बंद झाला, तर दुसऱ्या दिवशीची ऑर्डर लावायची. ऑर्डर भाव ठरवून लावायची, मिळेल त्या भावाला नाही. सकाळी तो फार वर उघडला तर जाऊ द्यायचा.

चौथं म्हणजे चुकलं तर बाहेर पडायचा भाव. याला स्टॉप लॉस म्हणतात. मागे येताना शेअरने जो तळ केला, त्याच्या थोडं खाली. हा भाव खरेदीच्या आधी वहीत लिहायचा आणि नंतर खाली सरकवायचा नाही. मोबाइलवर दर न बघताही हे करता येतं, कारण बऱ्याच दलालांकडे जीटीटी नावाची सोय असते. ठरलेला भाव आला की विक्रीची ऑर्डर आपोआप बाजारात जाते. यात एक खाच आहे, ती कुणी सांगत नाही. डिमॅटमधला शेअर विकताना तुमची मंजुरी लागते. डीडीपीआय नावाचं अधिकारपत्र दलालाला आधी दिलेलं नसेल, तर टीपिन आणि ओटीपी टाकून मंजुरी द्यावी लागते. ती नसली तर लावून ठेवलेली विक्री ऐन वेळी फेटाळली जाऊ शकते. खातं काढतानाच हे विचारून घ्या.

पाचवं, फायद्यात असताना निघायचं कधी. इथे तुमच्या स्वभावाप्रमाणे नियम वेगळा होईल. ठरलेल्या जोखमीच्या दुप्पट नफा झाला की विकायचं, हा एक नियम. भाव २० दिवसांच्या सरासरीखाली बंद होईपर्यंत थांबायचं, हा दुसरा. दोन्हींत गमावण्यासारखं काहीतरी आहेच: पहिल्यात मोठी तेजी हातची जाते, दुसऱ्यात आलेला नफा थोडा परत द्यावा लागतो. शिवाय पंधरा दिवस शेअर हललाच नाही तर काय, तेही लिहून ठेवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र किती घ्यायचा हे, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. समजा तुमच्याकडे यासाठी ४०,००० रुपये बाजूला आहेत. एका व्यवहारात त्याच्या एक टक्क्याहून जास्त गमवायचं नाही असं ठरवलं, म्हणजे ४०० रुपये. शेअर ५०० रुपयांना आहे, स्टॉप लॉस ४८० ला. एका शेअरमागे जोखीम २० रुपये. ४०० भागिले २०, म्हणजे २० शेअर घ्यायचे, १०,००० रुपयांचे. शेअर आवडला म्हणून पन्नास घ्यायचे नाहीत. स्टॉप लॉस लांब असेल तर शेअर कमी होतील, जवळ असेल तर वाढतील, पण चुकण्याची किंमत चारशेच राहील.

आता खर्च बघा. खरेदीवर आणि विक्रीवर दोन्ही वेळा ०.१ टक्का सिक्युरिटीज व्यवहार कर जातो. खरेदीवर मुद्रांक शुल्क. विकताना डिमॅटचे काही रुपये. दलालीवर आणि काही शुल्कांवर जीएसटी. दहा हजारांच्या अशा एका फेरीला, दलाली किती आहे त्यावर, साधारण ४० ते ९० रुपये जातात. आपण ६० धरू. दहा व्यवहार केले आणि त्यातले चार बरोबर आले, दर वेळी दुप्पट, म्हणजे ८०० मिळाले. झाले ३,२००. सहा चुकले, दर वेळी ४०० गेले. गेले २,४००. उरले ८००, त्यातून खर्चाचे ६०० वजा. हातात २०० रुपये! त्यावर पुन्हा कर, कारण वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दर आहे. दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळच्या बैठकींचे दोनशे रुपये. तेवढे तर पाच किलो पापड लाटून सुटतात, असं एक ताई म्हणाल्या आणि मला त्यांना खोडून काढता आलं नाही. चारऐवजी पाच बरोबर आले तर १,४०० उरतात. तीनच आले तर उलट हजार रुपये खिशातून जातात. पद्धत चांगली की वाईट हे असं तीन आणि पाचच्या मधे अडकलेलं असतं, आणि दहा व्यवहारांत ते कळत नाही. नाणं दहा वेळा उडवलं तरी कधी तीनदा छाप पडतो, कधी सातदा.

म्हणून आधी कागदावर. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला हे काम पुरुषांपेक्षा चांगलं जमेल, असं मला मनापासून वाटतं. तारीख, शेअर, का घेतला, कितीला, स्टॉप लॉस कुठे, किती नग, कितीला विकला, खर्च, आणि शेवटच्या रकान्यात नियम पाळला की नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा चार्ट उघडायचा, उजवीकडचा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि पुठ्ठा एकेक दिवस सरकवत जायचा. पुढे काय झालं ते दिसत नसताना नियमाने काय सांगितलं, ते लिहायचं. पुठ्ठा काढून बघितलं तर प्रत्येकीलाच तळ ओळखता येतो. असे निदान पन्नास व्यवहार झाले की मग बेरीज. नंतर दोन-तीन महिने रोजच्या चालू भावावर, पण पैसे न लावता. त्यात जमलं तर एक-दोन शेअर घेऊन खरी सुरुवात.

या तपासणीत दोन ठिकाणी आपणच आपल्याला फसवतो. एक म्हणजे नियम जुन्या चार्टवर घासूनपुसून इतका बसवायचा की एकही तोटा दिसू नये. वीसच्या जागी सतरा दिवसांची सरासरी, मग एकोणीस, मग बुधवारी घ्यायचंच नाही! गेल्या वर्षी ज्या तारखांना पाऊस पडला त्याच तारखा धरून यंदा पेरणी करण्यासारखं आहे ते. दुसरं, आजच्या यादीतल्या कंपन्या घेऊन जुनी परीक्षा करायची. आज यादीत आहेत त्या टिकलेल्या आहेत, बाहेर पडलेल्यांचं काय? येस बँक निफ्टीत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता, ६ मार्च २०२० ला २० रुपयांच्या खाली बंद झाला आणि त्याच महिन्यात ती निफ्टीतून बाहेर गेली. उतरताना वाटेत ३०० ला, २०० ला, १०० ला स्वस्त झाला म्हणून अजून घेणारे खूप होते. याला सरासरी करणं म्हणतात. स्विंगच्या वहीत त्याला जागा नाही, कारण स्टॉप लॉस आला तेव्हाच आपण बाहेर पडलेलो असतो.

स्टॉप लॉस लावला म्हणजे चारशेच जातील, याचीही पक्की हमी नाही. शेअर आज ४९० ला बंद झाला आणि रात्री काही घडलं तर उद्या ४५५ ला उघडू शकतो. मग ४८० ला विकायला वेळच मिळत नाही. कोरोनाच्या वेळी १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्या २३ मार्चला सकाळीच बाजार दहा टक्के कोसळला आणि व्यवहार काही काळ थांबवावे लागले. पण बघा, २८ फेब्रुवारीलाच निफ्टी ११,२०२ पर्यंत उतरून ५० दिवसांच्या सरासरीच्या बराच खाली आलेला होता. "सरासरीखाली नवी खरेदी नाही" हा साधा नियम पाळणारी बाई मार्चची पडझड घरातून बघत होती. तोच नियम परत येताना उशिराच आत घेतो, तळापासून बाजार बराच चढल्यावर. ती त्याची किंमत आहे.

दुसरी तारीख ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. मतदानोत्तर चाचण्या ऐकून आदल्या दिवशी बाजार उसळला होता आणि निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. इथे सरासरीने काही वाचवलं नसतं, कारण ३ जूनला निफ्टी सरासरीच्या वरच होता. इथे कामाला येतं ते कॅलेंडर: निवडणूक निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, आणि त्या कंपनीच्या तिमाही निकालाची तारीख. या दिवसांच्या आधी नवीन घ्यायचं नाही आणि हातात असलेलं कमी करायचं की नाही हेही आधी ठरवून ठेवायचं. गंमत म्हणजे ७ जूनला निफ्टी पुन्हा २३,२९० वर होता. ४ तारखेला ज्यांचे स्टॉप लॉस लागले, त्यांनी तीन दिवसांनी हात चोळले. असं होतं. म्हणून पुढच्या वेळी स्टॉप लॉस काढून टाकायचा नाही, कारण मार्च २०२० मध्ये तीन दिवसांनी काही परत आलेलं नव्हतं.

शेवटी पैशाबद्दल, समन्वयक म्हणून. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन शेअर घ्यावा का, असं दोन गावांत विचारलं गेलं. महिना दोन टक्के व्याज धरलं तर वर्षाचे २४ झाले. वरच्या हिशेबात चार बरोबर येऊनही ४०,००० वर २०० रुपये उरले होते. व्याज कुठून भरणार? बँकेचं गटकर्ज तर ज्या कामासाठी ठरावात लिहिलं त्याच कामासाठी आहे, आणि एकीचा हप्ता थकला की बाकीच्या नऊ-दहा जणींची पत जाते. त्यामुळे आमच्या प्रभागात आम्ही ठरावच करून घेतो: गटाचं, कर्जाचं, गहाण दागिन्याचं एक रुपयाही शेअरबाजारात जाणार नाही. जे घालायचं ते स्वतःच्या शिल्लकीतलं, आणि तेही वर्षभर लागणार नाही असं.

आणि खातं तुमच्या नावावर, मोबाइल मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात, हा प्रकार मी फार बघते. पॅन तुमचं, सही तुमची, पण काय घेतलं आणि काय विकलं हे तुम्हाला माहीत नाही. आयकर खात्याची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल. नवऱ्याने दिलेल्या पैशावरचा नफा कायद्याने त्याच्या उत्पन्नात धरला जातो, हेही त्याला बहुधा माहीत नसतं. खात्याला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, व्यवहार झाल्यावर येणारे मेसेज तुमच्याकडेच येतात ना, हे आजच बघा. ओटीपी विचारला तर कशासाठी आहे ते वाचून मगच सांगा, पोटच्या पोरालासुद्धा.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी या आठवड्यात एवढंच करा. दोनशे पानी वही घ्या, पहिल्या पानावर वरचे नियम तुमच्या शब्दांत लिहा, एकच कंपनी निवडा आणि तिच्या २०२२ च्या चार्टवर पुठ्ठा ठेवून दहा व्यवहार लिहून काढा. वह्या मासिक बैठकीला घेऊन या, आपण एकमेकींच्या तपासू. पुढच्या बुधवारी याच वेळी नफ्या-तोट्याचा कर आणि विवरणपत्र यावर बोलणार आहे. तेव्हा पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक हाताशी ठेवून बसा. नमस्कार.